बाल्कनीचे ग्रिल निवडताना : मूल पडू नये, माणूस अडकू नये

जालना : प्रतिनिधी

जालना शहराला लोखंडाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. येथील औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांमध्ये ठिकठिकाणांहून आलेले भंगार वितळते, त्याच्या सळया होतात आणि त्या सळयांवर राज्यातील असंख्य इमारती उभ्या राहतात. मात्र याच शहरात नवा फ्लॅट घेतलेले कुटुंब बाल्कनीला ग्रिल बसवायला निघते, तेव्हा फॅब्रिकेटरला बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात : नक्षी कोणती आणि भाव काय? ग्रिलच्या दोन सळयांत अंतर किती ठेवावे, ते भिंतीत कशाच्या आधाराने धरले जाणार आहे आणि उद्या घरात धूर भरला तर त्यातून बाहेर कसे पडायचे, हे प्रश्न क्वचितच निघतात. वास्तविक ग्रिल सुरक्षित आहे की नाही, हे याच तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते.

भोकरदन नाका असो वा अंबड चौफुली, शहराच्या चारही बाजूंना आता चार-पाच मजली इमारती दिसतात. एकमजली घर आणि अंगण सोडून अपार्टमेंटमध्ये आलेल्या कुटुंबांसाठी बाल्कनी, म्हणजेच घरोघरी म्हणतात ती गॅलरी, हेच अंगण ठरते. कपडे तेथेच वाळतात, तुळस तेथेच असते, पाण्याचे ड्रमही तेथेच ठेवले जातात आणि लहान मुले खेळतातही तेथेच. त्यामुळे गॅलरी लोखंडाने बंद करून घेण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. तो कल चुकीचा नाही. मात्र ग्रिल कशासाठी बसवायचे, हे आधी ठरले नाही तर रक्षणासाठी केलेली सोय अडचणीची ठरू शकते.

ग्रिलची तीन कामे

बाल्कनीच्या ग्रिलकडून तीन अपेक्षा असतात. पहिली, घरातील मूल किंवा वृद्ध व्यक्ती खाली पडू नये. दुसरी, बाहेरून चोर आत येऊ नये. तिसरी अपेक्षा बोलून दाखवली जात नाही. ती म्हणजे संकटाच्या वेळी घरातील माणसाला बाहेर पडता यावे. पहिल्या दोन अपेक्षांसाठी ग्रिल भक्कम आणि बंद हवे, तर तिसरीसाठी ते उघडणारे हवे. बाजारात मिळणारी बहुतेक ग्रिल पहिल्या दोन अपेक्षा समोर ठेवून बनविलेली असतात. तिसरीचा विचार ग्राहकाने स्वतः करावा लागतो.

मजल्यानुसार या अपेक्षांचा क्रमही बदलतो. तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर चोरीची भीती अधिक असते. तेथे खालपासून वरपर्यंत पूर्ण ग्रिल बसविण्याला अर्थ आहे. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर खरा धोका पडण्याचा असतो. तेथे पुरेशा उंचीचा, भक्कम आणि चढता न येणारा कठडा हे काम पुष्कळ अंशी करू शकतो. प्रत्येक मजल्यावर सारखाच पिंजरा हवा, असे नाही. खालच्या मजल्याचे बाहेर आलेले ग्रिल हे वरच्या मजल्यावर चढू पाहणाऱ्या चोरासाठी आयती शिडी ठरते, हेही ध्यानात ठेवावे. शेजाऱ्यांनी आपसांत बोलून एकसारखे, भिंतीच्या रेषेत राहणारे ग्रिल बसविल्यास हा धोका टळतो.

ज्वाळांआधी धूर पोहोचतो

घराला आग लागली म्हणजे ज्वाळा, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात अनेकांचा बळी धूर घेतो. गादी, फोम, प्लास्टिक, कृत्रिम धाग्याचे कपडे जळताना कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू बाहेर पडतात. हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाला हालचाल करण्याआधीच ग्लानी येते. तळमजल्यावरच्या आगीचा धूर जिन्याच्या पोकळीतून धुराड्यातून चढावा तसा वर जातो आणि ज्या मजल्यावर एकही ज्वाळा पोहोचलेली नाही, तेथील माणसे गुदमरतात.

जालन्यापासून जवळच असलेल्या छत्रपती संभाजीनगरमधील छावणी भागात 3 एप्रिल 2024 रोजी पहाटे हेच घडले. तळमजल्यावरील कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जणांचा मृत्यू झाला. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचली नव्हती. मृत्यू गुदमरून झाल्याचा प्राथमिक निष्कर्ष त्या वेळी पोलिसांनी सांगितला होता. त्या घटनेचा संबंध ग्रिलशी जोडण्याचे कारण नाही. पण खाली दुकान आणि वर घर ही रचना जालन्याच्या बाजारपेठेतही सर्रास आहे, आणि जिना धुराने भरल्यावर माणसाकडे मोकळ्या हवेची एकच जागा उरते. ती म्हणजे खिडकी किंवा बाल्कनी.

ती जागाही लोखंडाने कायमची बंद असेल तर काय होते, हे दिल्लीतील अनाज मंडी परिसरात 8 डिसेंबर 2019 रोजी दिसले. कारखाने असलेल्या त्या इमारतीला पहाटे लागलेल्या आगीत झोपेत असलेले 40 हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या आणि आत शिरण्यासाठी अग्निशमन दलाच्या जवानांना त्या कापाव्या लागल्या. लोखंड कापण्याचे यंत्र जवानांजवळ असते, परंतु कापण्यात वेळ जातो, आणि धुरात अडकलेल्या माणसाजवळ नेमका तोच नसतो.

उघडणारा भाग हवाच

यावरील उपाय साधा आहे आणि ग्रिल बनवतानाच केला तर त्याचा खर्चही फारसा नसतो. ग्रिलमध्ये बिजागरीवर उघडणारा एक झरोका, म्हणजे छोटे दार, ठेवावे. त्याचे माप किती असावे? अमेरिकेतील घरबांधणी संहितेत शयनगृहाच्या आपत्कालीन खिडकीसाठी दिलेले माप येथेही मार्गदर्शक ठरू शकते. तेथे उघड्या जागेची रुंदी किमान 20 इंच, उंची किमान 24 इंच आणि एकूण क्षेत्रफळ 5.7 चौरस फूट असावे लागते. केवळ 20 बाय 24 इंचांचा झरोका सुमारे 3.3 चौरस फुटांचाच होतो. म्हणजे एक माप किमान घेतले तर दुसरे वाढवावे लागते. दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच झरोका सहा चौरस फुटांचा होतो. त्यातून प्रौढ माणूस बाहेर येऊ शकतो आणि पाठीवर साहित्य बांधलेला जवानही आत येऊ शकतो.

याच संहितेत आणखी एक अट आहे. अशा खिडकीवर गज बसवायचे असतील तर ते आतून, किल्ली किंवा हत्यार न वापरता, सहज उघडता आले पाहिजेत. आपल्याकडे मात्र झरोका ठेवला तरी त्याला कुलूप लागते आणि किल्ली कपाटातल्या डब्यात जाते. रात्री वीज गेलेली, डोळ्यांत धूर गेलेला, अशा वेळी ती किल्ली सापडणे कठीण.

यावर मध्यममार्ग काढता येतो. झरोक्याला आतल्या बाजूने सरकती कडी बसवावी आणि बाहेरून हात घालून ती ओढता येऊ नये म्हणून तिच्याभोवती पत्र्याचे आवरण वेल्ड करून घ्यावे. कडी जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असावी. म्हणजे लहान मुलाचा हात तेथे पोहोचत नाही आणि मोठ्यांना अंधारातही ती चाचपडून सापडते. तळमजल्यावर चोरीच्या भीतीने कुलूप लावणे भागच असेल तर किल्ली झरोक्याजवळच, बाहेरच्या हाताला न लागणाऱ्या एका ठरलेल्या खिळ्याला टांगलेली असावी आणि ती जागा घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी. रात्री झोपायला आलेल्या पाहुण्यांनाही ती दाखवावी.

झरोका कोठे ठेवायचा, यालाही महत्त्व आहे. खाली शिडी लावता येईल, रस्त्यावरून दिसेल आणि जवळून विजेची तार गेलेली नसेल अशी बाजू निवडावी. झरोक्याची खालची कड कठड्याच्या उंचीवरच असावी. कठडा फोडून ती खाली आणू नये, अन्यथा झरोका उघडा राहिला की मूल पडण्याची भीती उभी राहते. रंगाच्या थराने किंवा गंजाने बिजागऱ्या जाम होतात. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला झरोका एकदा उघडून पाहावा आणि बिजागरीला तेलाचे दोन थेंब द्यावेत.

दोन सळयांमधील अंतर

मुलांच्या दृष्टीने ग्रिलचे सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे दोन सळयांमधील मोकळी जागा. ती 10 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे चार इंचांपेक्षा कमी असावी. यामागचे कारण असे, की रांगणारे किंवा नुकतेच चालू लागलेले मूल बरेचदा पाय पुढे करून फटीतून सरकते. धड निघून जाते आणि डोके अडकते. त्यामुळे अंतर इतके कमी हवे की धडही जाऊ नये. फुलापानांच्या, वेलबुट्टीच्या नक्षीत सळयांमधील अंतर नेमके राहत नाही. कोपऱ्यात सहा-सात इंचांची पोकळी सहज निघते. नक्षी हवीच असेल तर ती वरच्या भागात घ्यावी. ग्रिलची तळपट्टी आणि कठडा किंवा फरशी यांच्यातील फटही याच मापाने तपासावी.

सळया उभ्या असाव्यात. आडव्या पाइपांच्या कठड्याची सध्या फॅशन आहे. पण तीन-चार वर्षांच्या मुलासाठी ती शिडीच होय. वरून उघड्या असलेल्या कठड्यात तर आडव्या पट्ट्या टाळाव्यातच. ग्रिल छतापर्यंत असेल तर चढलेले मूल बाहेर पडत नाही. मात्र तेथेही झरोका बंद असणे आवश्यक ठरते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बाल्कनीचा कठडा तयार फरशीपासून मोजून एक मीटरपेक्षा कमी उंच असू नये. नंतर जुन्या फरशीवर नवी फरशी बसविली, तर तेवढ्याने कठड्याची उंची घटते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्याहून मोठी घट सामानामुळे होते. उलटा ठेवलेला ड्रम, जुनी खुर्ची, कूलरचा स्टँड यांपैकी काहीही कठड्याला लागून असेल तर मुलाच्या दृष्टीने कठडा निम्माच उरतो. पाणी साठवून ठेवण्याची सवय असलेल्या जालन्यासारख्या शहरात ही बाब विशेष लक्ष देण्याजोगी आहे.

सळयांचे हे साधे गणित किती जीव वाचवू शकते, याचे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तेथील आरोग्य विभागाने 1972 मध्ये 'मुले उडू शकत नाहीत' अशा अर्थाच्या नावाची मोहीम सुरू करून गरीब वस्त्यांतील घरांना खिडक्यांचे गज मोफत पुरविले. ब्राँक्स भागात मुले खिडकीतून पडण्याच्या नोंदलेल्या घटना 1973 ते 1975 या काळात निम्म्यावर आल्या. त्यानंतर 1976 मध्ये, तीन किंवा अधिक सदनिका असलेल्या इमारतीत दहा वर्षे वा त्याहून कमी वयाचे मूल राहत असेल तर असे गज बसविणे घरमालकांवर बंधनकारक करण्यात आले. मात्र त्याच नियमाने एक अपवादही केला : आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी असलेल्या जिन्याकडे उघडणाऱ्या खिडकीला हे गज लावायचे नाहीत. पडणाऱ्या मुलाचा आणि अडकणाऱ्या माणसाचा विचार एकाच नियमात केला गेला. आपल्याकडे असे बाह्य जिने नसतात; म्हणून तो अपवाद ग्रिलमधील झरोक्याच्या रूपाने घरातच करावा लागतो.

कोणते लोखंड घ्यावे?

ग्रिलसाठी सर्वाधिक वापरले जाते ते माइल्ड स्टील, म्हणजे साधे पोलाद. चौकोनी किंवा गोल सळई आणि पट्टी यांपासून ते तयार होते. जालन्याची हवा कोकणासारखी खारट नाही. त्यामुळे नीट रंगविलेले माइल्ड स्टील येथे दीर्घकाळ टिकते. समुद्रकाठासाठी सुचविल्या जाणाऱ्या 316 दर्जाच्या महाग स्टेनलेस स्टीलची येथे गरज नाही. स्टेनलेस स्टील घ्यायचेच असेल तर दर्जा बिलावर लिहून घ्यावा. 304 दर्जात निकेलचे प्रमाण सुमारे आठ टक्के असते, तर स्वस्त 202 मध्ये ते कमी असून गंज रोखण्याची क्षमताही कमी असते. लोहचुंबक लावून हा फरक ओळखता येतो, हा समज चुकीचा आहे. दोन्ही प्रकारांना चुंबक जवळजवळ चिकटतच नाही.

पोकळ पाइपचे ग्रिल हलके आणि दिसायला भरदार असते. मात्र पाइपच्या पत्र्याची जाडी कमी असल्यास तो सहज वाकतो आणि आतून धरलेला गंज बाहेरून दिसत नाही. पाइप घेतल्यास टोके पूर्ण बंद करून घ्यावीत. ॲल्युमिनियम गंजत नाही, पण ते मऊ असल्याने कापणे सोपे जाते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी कबुतरांसाठीच समजावी. उन्हाने तिचे धागे कमकुवत होतात आणि मुलाचा भार पेलण्याची खात्री तिच्यावर ठेवता येत नाही. अलीकडे 'इनव्हिजिबल ग्रिल' या नावाने ताणलेल्या बारीक पोलादी तारा बसविल्या जातात. त्या ताणून धरणाऱ्या पट्ट्या भिंतीत किती पक्क्या आहेत आणि तारा हाताने फाकवल्यास मधील अंतर किती वाढते, हे पाहूनच पैसे द्यावेत. अशा तारा कापण्याची पक्कड घरात ठरलेल्या जागी ठेवावी.

सळयांच्या शहरात एक मोह नेहमीचा असतो. बांधकामातून उरलेले टीएमटी सळयांचे तुकडे जोडून ग्रिल करून घेणे हा तो मोह. टीएमटी सळई काँक्रीटमध्ये पुरण्यासाठी असते. तिच्यावरील खाचा काँक्रीटला पकड मिळावी म्हणून दिलेल्या असतात. उघड्यावर त्याच खाचांत धूळ व पाणी साचून गंज धरतो. शिवाय या सळईचे बळ तिच्या बाहेरच्या, उष्णतेची प्रक्रिया केलेल्या थरात असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळ तो थर कमकुवत होऊ शकतो. ग्रिलसाठी साधी सळईच घ्यावी.

वजनाचा हिशेब स्वतः करा

फॅब्रिकेटर किलोवर किंवा चौरस फुटावर भाव सांगतात. चौरस फुटाच्या भावात सळई बारीक वापरली जाण्याची, तर किलोच्या भावात वजन वाढविण्याची शक्यता असते. दोन्हींवर उपाय एकच : हिशेब आधी स्वतः करावा. चौकोनी सळईच्या एका बाजूच्या मिलिमीटरमधील मापाचा वर्ग करून त्याला 0.00785 ने गुणले की एक मीटर लांबीचे वजन किलोमध्ये मिळते. 12 मिलिमीटर चौकोनी सळईचे वजन मीटरला 1.13 किलो, तर 10 मिलिमीटरचे 0.785 किलो भरते. गोल सळईसाठी व्यासाचा वर्ग भागिले 162 हे सूत्र बांधकाम मिस्त्रींना पाठ असते.

समजा, कठड्याच्या वर तीन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच ग्रिल बसवायचे आहे. 12 मिलिमीटरच्या 28 उभ्या सळया घेतल्या तर मधील मोकळी जागा सव्वानऊ सेंटिमीटरच्या आत राहते. या सळयांची एकूण लांबी 42 मीटर आणि वजन साडेसत्तेचाळीस किलोच्या आसपास होते. भोवतालची चौकट आणि मधली एक आडवी पट्टी मिळून 25 बाय 6 मिलिमीटरची सुमारे 12 मीटर पट्टी लागते. तिचे वजन 14 किलो. म्हणजे ग्रिल साधारण 62 किलोचे होईल. 10 मिलिमीटरची सळई वापरल्यास तेच 47 किलोंवर येते. झरोक्याची चौकट व बिजागऱ्या यांचे वजन थोडे वाढेल. सांगितलेले वजन याहून फार वेगळे असेल तर कारण विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

बाहेर काढलेला पिंजरा

कुंड्या किंवा सामान ठेवण्यासाठी ग्रिल भिंतीच्या बाहेर एक-दीड फूट काढण्याची पद्धत आहे. ती दोन कारणांनी धोक्याची आहे. पहिले कारण भाराचे. बाल्कनीचा स्लॅब बहुधा एका बाजूने धरलेला आणि दुसऱ्या बाजूने अधांतरी असतो. भार जितका बाहेरच्या कडेला, तितका मुळाशी ताण अधिक. भारतीय मानकानुसार घराच्या बाल्कनीसाठी प्रतिचौरस मीटर सुमारे 300 किलो भार गृहीत धरला जातो. पाण्याने भरलेला 200 लिटरचा एक ड्रमच 200 किलोंचा असतो आणि तो अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर उभा असतो. त्यात बाहेर काढलेला पिंजरा आणि पाणी प्यायलेल्या मातीच्या कुंड्या यांची भर पडल्यावर, विशेषतः जुन्या आणि ओल धरलेल्या इमारतीत, स्लॅबवर विसंबून राहणे योग्य नाही. वरून कुंडी पडल्यास खालच्या माणसाला होणारी इजा हा आणखी वेगळा मुद्दा.

दुसरे कारण विजेचे. 11 किलोव्होल्टपर्यंतच्या उघड्या तारांपासून इमारतीचा कोणताही भाग आडव्या अंतराने किमान 1.2 मीटर दूर असला पाहिजे, असा विद्युत सुरक्षेचा नियम आहे. इमारत बांधताना हे अंतर पाळलेले असले तरी दीड फूट बाहेर आलेला लोखंडी पिंजरा ते मोडू शकतो. तार जवळ असल्यास ग्रिल बसविण्याआधी महावितरणच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. घरातील वायरसुद्धा ग्रिलला बांधू नयेत. एसीची, कूलरची किंवा सणाच्या रोषणाईची सोललेली वायर ओल्या ग्रिलला लागली तर संपूर्ण ग्रिलमध्ये प्रवाह उतरू शकतो. त्यासाठी विजेच्या फलकावर 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घेणे हिताचे ठरते.

बसवणी आणि रंग

ग्रिल कितीही जाड असले तरी ते ज्या खिळ्यांवर उभे आहे, तेवढेच भक्कम असते. गिलाव्यात ठोकलेली खुंटी ओढीसरशी निघते. अँकर बोल्ट शक्यतो कॉलम, बीम किंवा स्लॅबच्या काँक्रीटमध्ये असावेत आणि काँक्रीटच्या कडेला अगदी लागून नसावेत. नव्या इमारतींत भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. तेथे साधा बोल्ट पकड घेत नाही, त्या ब्लॉकसाठीचे लांब किंवा रासायनिक अँकर वापरावे लागतात. भिंत कशाची आहे, हे बिल्डरला विचारून फॅब्रिकेटरला आधी सांगावे.

प्रत्येक जोडाचे वेल्डिंग पूर्ण आहे, नुसते टाके घातलेले नाहीत, हे रंग लावण्यापूर्वी पाहावे. रंगाखाली सर्व जोड सारखेच दिसतात. वेल्डिंगचा मळ आणि गंज घासून काढल्यावर रेडऑक्साइड किंवा तत्सम प्रायमर आणि त्यावर ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. ग्रिलचे जास्तीत जास्त काम दुकानातच उरकावे. बाल्कनीत वेल्डिंग करणे भाग पडल्यास खालच्या मजल्यांवरील वाळत घातलेले कपडे आणि गाद्या आधी काढायला लावाव्यात व पाण्याची बादली शेजारी ठेवावी. आगीपासून वाचण्यासाठी केलेल्या कामाच्या ठिणगीनेच आग लागू नये.

परवानगी आणि जबाबदारी

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. जालन्यातील काही इमारती 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. तेथेही इमारतीच्या भक्कमपणाला किंवा सुरक्षेला बाधा येईल असे काम एकट्या सदनिकाधारकाला परस्पर करता येत नाही. बाल्कनी काचा किंवा भिंत घालून पूर्ण बंद करायची असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागाकडे विचारणा करावी. जालन्यात 2023 मध्ये नगरपरिषदेची महापालिका झाली आहे.

बिल्डरने दिलेला कठडाच हलत असेल तर त्यावर ग्रिल चढवून दोष झाकू नये. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकासकाची असते. तक्रार लेखी करावी आणि काम सुरू करण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत.

बसवून झालेल्या ग्रिलचे काय?

अनेक घरांत ग्रिल पूर्वीच बसलेले आहे आणि त्यात झरोका नाही. असे ग्रिल काढून टाकण्याची गरज नाही. फॅब्रिकेटर त्यातील भाग कापून, त्याच सळयांची चौकट करून बिजागरीवर बसवून देऊ शकतो. ते काम एका दिवसाचे आहे. अंतर जास्त असल्यास मध्ये एकेक सळई वाढविता येते. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत ग्रिल हलवून पाहण्याची सवय लावावी. सळई जेथे भिंतीत शिरते, तेथे पावसाळ्यात पाणी मुरते आणि गंजाची सुरुवात तेथूनच होते. बोटाने दाबल्यावर पापुद्रे निघत असतील तर वरून रंग देऊन भागणार नाही. तो भाग बदलावा.

झरोका हा मात्र शेवटचा मार्ग आहे, पहिला नव्हे. पहिला मार्ग जिनाच. जिन्याखाली लावलेल्या दुचाकी, मीटरच्या पेटीजवळ रचलेले भंगार, रात्रभर चार्जिंगला लावलेली ई-बाइक आणि इमारतीच्या दाराला रात्री लावलेले कुलूप यांनी तो मार्ग बंद होत असेल तर ग्रिलमधील झरोक्याने सर्व प्रश्न सुटणार नाहीत. जिन्यात दाट धूर असल्यास मात्र बाहेर धाव घेऊ नये. मधले दार लावून घ्यावे, त्याच्या फटीत ओले कापड कोंबावे, बाल्कनीत येऊन झरोका उघडावा, 101 किंवा 112 या क्रमांकावर आपला मजला आणि खूण सांगावी व कापड हलवून लक्ष वेधावे. उंच मजल्यावरून उडी मारू नये. शिडीची वाट पाहावी.

फॅब्रिकेटरकडे जाण्यापूर्वी

- दोन सळयांमधील मोकळी जागा 10 सेंटिमीटरपेक्षा कमी, सळया उभ्या.
- आतून उघडणारा, किमान दोन बाय तीन फुटांचा झरोका. कडी पाच फुटांवर.
- सळईचे माप, एकूण वजन आणि स्टेनलेस असल्यास दर्जा बिलावर लिहून घ्यावा.
- अँकर काँक्रीटमध्ये. ब्लॉकची भिंत असल्यास त्यासाठीचे खास अँकर.
- ग्रिल भिंतीच्या रेषेत. विजेच्या तारेपासूनचे अंतर मोजलेले.
- रंगापूर्वी जोड पाहण्याची अट आधीच सांगावी.
- समितीची लेखी परवानगी हाती आल्यावरच काम सुरू करावे.

ग्रिल बसून झाल्यावर फॅब्रिकेटरला उरलेले पैसे देण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. घरातील दिवे मालवून कुटुंबातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला झरोका उघडायला सांगावे. तो सहज उघडला तर काम पूर्ण झाले असे समजावे. अन्यथा कडी बदलून घ्यावी आणि मगच हिशेब पुरा करावा.